तिफण, वखर आणि तेलरंग

निसर्गचित्रं काढणारा माणूस वखर, तिफण, खुरपं अशी शेतीची अवजारं कशाला रंगवत बसतो, आणि रंगवलंच तर लोखंड मातीच्या भांड्यासारखं का दिसतं, हे दोन प्रश्न नेहमी येतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

मराठवाड्याचं रान रंगवायचं तर काळी माती कळायला हवी, आणि ती अवजारावर फार लवकर कळते. चालू वखराची पास, म्हणजे त्याचं आडवं लोखंडी पातं, मातीत घासून घासून कडेला आरशासारखी होते. गंज चढतो तो वापर थांबल्यावर, तोही मातीत न जाणाऱ्या भागावर आधी. सगळ्या लोखंडाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) फासली की ते खापर दिसणारच. गंज असेल तिथेच सिएना वापरा. धारेची चमक मात्र पांढऱ्या रंगाने काढू नका, तिच्यात आभाळ असतं. अल्ट्रामरीन (गडद निळा), चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा असा निळसर राखाडी एकाच फटकाऱ्यात ठेवा. त्याच्या शेजारचा गडद रंग पुरेसा गडद असेल तरच तो चमकतो.

लाकडातही झीज शोधा. उन्हापावसातलं बाभळीचं लाकूड राखाडी पडतं, पण रुमण्यावर, म्हणजे धरायच्या दांड्यावर, तळहात टेकतो तो भाग गडद आणि गुळगुळीत राहतो. हा फरक दिसला नाही तर अवजार नुकतंच सुताराकडून आणल्यासारखं वाटतं.

तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, अवघड. तीन फणांतून निघालेले नळ वर चाड्यापाशी, म्हणजे बी सोडायच्या वाटीपाशी, एकत्र येतात. नळ काढत बसलं की हमखास चुकतं, म्हणून मधल्या फटी आधी काढा. दोन निमुळत्या फटींचे आकार जुळले की नळ आपोआप जागेवर येतात.

चित्राला ८ × १० इंचांचा, ३ मिमीचा हार्डबोर्ड पुरतो. प्रायमर (रंगाखालचं अस्तर) दोन्ही बाजूंनी लावा, नाहीतर पावसाळ्यात तो वाकतो. पुढच्या बाजूला दोन हात देऊन हलकं घासा. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने रेखाटन करा आणि सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पक्क्या करा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, नंतर सावलीच्या मागे धावून उपयोग नाही. सकाळचा दीड तास मिळाला तर भरपूर झाला.

खालचे थर पातळ, तेल वरच्या थरांत. उलट केलं तर खालचा थर ओला असतानाच वरचा वाळतो आणि पुढे तडा जातो. गडद भागांत आयव्हरी ब्लॅक टाळतो, कारण तो फार हळू वाळतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून ते लवकर वाळतं. अंबर-अल्ट्रामरीनचा काळा आपल्या मातीलाही जास्त जवळचा आहे: ओलीसाठी तसाच, वाळलेल्या ढेकळासाठी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा मिसळून.

तेलरंगातलं तेल जवसाचं, आणि जवस आपल्याच रानातलं, पण घाण्याचं तेल रंगात घालू नका. त्यात चिकट गाळ राहतो आणि चित्र जास्त पिवळं पडतं. चित्रकलेसाठी शुद्ध केलेलंच घ्या. आणि त्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, त्यात उन्हाळा असला तर विचारूच नका. चिंध्या झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.