तेलाची दोन पाकिटं

लातूरच्या एका किराणा सुपर शॉपीत मी जाहिरातीचं काम बघतो. म्हणजे व्हॉट्सॲपवर भाव टाकायचे, रील काढायची आणि दुकानाभोवतीच्या दहा किलोमीटरमधल्या मोबाइलवर ती दिसावी म्हणून पैसे भरायचे. शेठना प्रत्येक पोस्टवर ‘फक्त आज’ लागतं. अशी खोटी घाई केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्येच फसव्या क्लृप्त्यांत धरली आहे, हे दाखवून झालं. ‘ते मोठ्या ॲपवाल्यांसाठी,’ म्हणाले.

तेलाची ऑफर लावली त्या दिवशी एक मावशी थेट काउंटरवर आल्या. पिशवीतून तेलाचं पाकीट काढलं.

‘लेकरा, हे अन् तुझं, दोन्ही तोल बरं.’

त्यांचं पाकीट ऑनलाइन आलेलं, १४२ रुपयांचं. आमचं १५०. खरं तर तोलायची गरज नव्हती. त्यांच्यावर ८५० ग्रॅम छापलेलं, आमच्यावर एक लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम. पण मावशींना काटाच बघायचा होता. रांगेतलेही वाकून बघायला लागले.

ही भानगड २०२२ पासूनची. आधी तेल, चहा, बिस्किटं ठरावीक वजनातच विकावी लागत. ते बंधन गेलं आणि त्याऐवजी ग्रॅममागे भाव छापणं सक्तीचं झालं. कागदावर झकास. पण तो भाव एमआरपीवरून काढलेला! ॲपवर एमआरपी खोडलेली, शेजारी ठळक सवलत. त्यानंतर ग्रॅमला किती पडलं ते गिऱ्हाइकानंच काढायचं. फोटोत दोन्ही पाकिटं सारखीच. कॅल्क्युलेटरवर दाखवलं: त्यांचं किलोला १६७, आमचं १६५च्या आत.

‘ते मला घरीच कळलंय,’ मावशी म्हणाल्या. ‘पाकीट लवकर सरायलंय. पण मागवतो कोण? पुण्यातला लेक. त्याला तिथं मोबाइलवर स्वस्त दिसायलंय. फोटो काढ, त्याला पाठवते.’

काट्यावरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढून दिले. मग त्यांनी सुटी तूरडाळ मुठीत घेतली, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला आणि पाच किलो बांधायला सांगितली. याच डाळीच्या ‘अनपॉलिश’ पोस्टवर मी अख्खी दुपार घातली होती. मावशींनी ती पाहिलीच नव्हती.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोडणी देणारी आमच्या दहा किलोमीटरच्या आत, आणि बटण दाबणारा तीनशेहून जास्त किलोमीटरवर. मराठवाड्यातली किती पोरं पुण्यात आहेत ते मी सांगायला नको. आईची काळजी त्यांना आहेच, आणि ॲपवाल्यांना ती बरोब्बर दिसते. आम्ही मात्र औसा रोडवर पत्रकं वाटतोय.

शेठना म्हटलं, पुढची जाहिरात पुण्यात दाखवू: पैसे तुम्ही पाठवा, सामान आईच्या दारात आम्ही टाकतो.

‘पुण्याचा माणूस आपल्या दुकानात येणार हाय का?’

तासभर डोकं खाल्ल्यावर पाचशे रुपये सुटले. सामान पोचवायला मोटारसायकल कुणाची, पेट्रोल कुणाचं, यावर वाद चालू आहे.