तुम्ही विचारलंत म्हणून: वॉफल मेकर कोणता घ्यावा?

विचारणाऱ्यांना मॉडेलचं नाव हवं असतं. मी प्लेटच्या, म्हणजे ज्या दोन खाचाखाचांच्या साच्यांमध्ये पीठ भाजतं त्यांच्या, वजनाबद्दल बोलायला लागले की त्यांचं लक्ष फोनकडे जातं. म्हणून एकदाच लिहून टाकते. यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

आधी वजन बघा, मग वॉट. गार मिश्रण ओतलं की प्लेटचं तापमान एकदम उतरतं. जाड प्लेटमध्ये साठलेली उष्णता तिला सावरते. पातळ प्लेट, त्यात वॉट कमी, म्हणजे पीठ भाजलं जाण्याऐवजी नुसतं वाफेवर शिजतं. पहिला वॉफल जमतो आणि दुसऱ्यापासून फिकट, वातड निघतात ते यामुळेच. हृदयाचा आकार, फुलांची नक्षी यांवर मला काही म्हणायचं नाही. तुमचे पैसे.

आता सुट्या प्लेटा. काही वर्षांपूर्वी मी निक्षून सांगायचे, प्लेट निघणारीच घ्या. माझं ऐकून ज्यांनी घेतल्या ते आता विचारतात, "तूच म्हणाली होतीस ना?" हो, मीच. त्याला एक सकाळ कारणीभूत आहे.

बहीण आणि भाची राहायला आल्या होत्या. मशीन नवं, हलकं, प्लेट पक्क्या बसवलेल्या. हिरवा दिवा लागला, मी झाकण उचललं आणि वॉफल मधोमध उभा फाटला. अर्धा वर चिकटलेला, अर्धा खाली. "मावशी, एकाचे दोन झाले!" भाची टाळ्या पिटत होती. दुसराही तसाच. तिसऱ्याला मी झाकण जोर लावून उघडलं. बहीण म्हणाली, "राहू दे गं, आम्ही ब्रेड खातो." तिने ते अगदी प्रेमाने म्हटलं, म्हणूनच मला लागलं. मी स्टीलची सुरी घेतली आणि खाचाखाचांतून पीठ खरवडायला बसले. पिठाबरोबर नॉन-स्टिकचा लेपही निघाला, काळ्या कपच्या दिसल्या तेव्हा कळलं. सगळं कचऱ्यात. मशीनही.

प्लेट सुटी असती तर भिजत घातली असती, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दिव्याला फक्त प्लेटचं तापमान कळतं, पीठ झालंय की नाही ते कळत नाही, हे मला पुढे समजलं. बाजूंनी येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकणाला हात लावायचा नसतो. शिवाय मी मिश्रणात लोणी निम्मं केलं होतं, तब्येतीच्या नावाखाली. म्हणजे चूक माझी. पण ते मशीन चांगलं होतं असंही माझ्याकडून वदवून घेऊ नका.

दुसरं घेतलं ते अर्थातच सुट्या प्लेटांचं. धुवायला सोपं, पण माझ्या मशीनमध्ये तापणारी कॉइल प्लेटपासून वेगळी होती, त्यामुळे प्लेट तापायला उशीर आणि रंग यथातथाच. सध्या आहे ते जड, पक्क्या प्लेटांचं, फिरवता येणारं. ओतल्याबरोबर उलटं केलं की मिश्रण वरच्या प्लेटलाही लागतं. ही युक्ती काही नवी नाही. अमेरिकेत कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी १८६९ मध्ये पेटंट घेतलेला शेगडीवरचा साचाही उलटण्यासाठीच होता. माझ्या या मशीनमधून वॉफल सोनेरी, कुरकुरीत निघतात. एकावर एक न रचता जाळीवर ठेवले तर तसेच राहतात. पण खाचा ओल्या फडक्याने पुसत बसायचं जिवावर येतं, म्हणून गेले दोन महिने ते कपाटावर आहे.

सुट्या प्लेटांचं बहिणीला दिलं. ती दर रविवारी काढते. तिचे वॉफल फिकट असतात. मी गेले की दोन खाते.