वाढत्या अंगाचं

दुपारची जेवणं झाली, घर आडवं झालं. मी स्वयंपाकघरात फरशीवर पाय पसरून बसलो, दोन्ही बाजूंनी पिठाचे डबे पार अंगाला लागेपर्यंत सरकवले, अलगद उठलो आणि मधलं अंतर टेपनं मोजलं. नेमकी तेव्हाच बायको पाणी प्यायला आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"कयाक घ्यायचीय. समुद्रातली."

"मग माझे डबे कशाला?"

डबे अशासाठी, की ही होडी अंगात घालायची असते. मांड्या वरच्या कडेखाली अडकवायच्या, तळवे आतल्या खुंट्यांवर टेकवायचे. कंबर कलली की होडी कलली पाहिजे. सैल बसलं तर आपण एकटेच कलतो. ग्रीनलंडचे इनुइट लोक लाकडी सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून कयाक बांधायचे, आणि मापं घ्यायचे ती स्वतःच्याच अंगावरून.

आमच्या घराण्यात मात्र नेमक्या मापाचं काही घ्यायची पद्धतच नाही. जूनमध्ये बाबा इथे बडोद्यातच, रावपुऱ्यात, बूट घ्यायला न्यायचे. दुकानदार टाचेमागे बोट घालून बघायचा, बाबा म्हणायचे, "अजून एक नंबर मोठा दाखवा, वाढत्या अंगाचा आहे." मग पुढे कापूस. पहिल्या पावसात तो कापूस भिजून बुटात त्याचा गोळा व्हायचा, आणि प्रार्थनेच्या रांगेत माझाच बूट पचपचायचा. बूट मापाचे होईपर्यंत तळ गेलेला असायचा. आज पन्नाशीतही दुकानात शर्ट घेताना हात आपोआप एक माप वर जातो.

तीच खोड होडीलाही आडवी येते. जीव म्हणतो, रुंद घे, डुलणार नाही. सुरसागर तलावासारख्या स्थिर पाण्यात ते खरंही आहे. पण रुंद, सपाट तळाची होडी लाटेच्या उतारालाच चिकटून तिरपी होते. निमुळती डगमगते खरी, पण लाटेवर ती आपल्याला सरळ राहू देते. म्हणून समुद्रातली कयाक साधारण चौदा ते सतरा फूट लांब आणि बावीस-चोवीस इंच रुंद. प्लास्टिकची जड, पण खडकावर घासली तरी चालते. फायबरची हलकी, देखणी आणि खिशाला न झेपणारी. मी प्लास्टिकवाला. फक्त पुढे-मागे पाणी न शिरणारे बंद कप्पे हवेत, म्हणजे बसायची जागा पाण्यानं भरली तरी होडी तरंगते. त्यात काटकसर नाही.

ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा पुरत नाही. वल्हवायची कुठे, हा त्याहून मोठा. गावातल्या विश्वामित्री नदीत मगरी. आमचा जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला रोज पाण्याखाली जातं. खंभातच्या आखातात, भावनगरकडे, भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. तिथे नवशिक्यानं काठावर बसून खारे दाणे खावेत. तेव्हा होडी मालवणला मावशीच्या पडवीत राहील. मावशीला अजून विचारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच घेतली. १८ जानेवारी २०२४ ला इथल्याच हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. लाइफ जॅकेट काही जणांच्याच अंगावर होतं. त्यानंतर कितीतरी दिवस गावात कुणी बोटीचं नाव काढत नव्हतं.

तर जॅकेट. माझं घेतलं, लेकीचंही घेतलं. दुकानदार म्हणाला, "एक साइज मोठं देऊ? दोन वर्षं चालेल." मी लेकीला ते घालायला लावलं, पट्टे आवळले, खांद्यांना धरून वर ओढून पाहिलं. सैल जॅकेट पाण्यात अंगावरून सरकून डोक्यातून निघतं. हे हललं नाही.

"बाबा, घट्ट होतंय."

"होऊ दे. पुढच्या वर्षी नवं घेऊ."