कराथाला उतरताय? आधी किलोमीटर मोजा

"अरे ये रे, तिकीट २९९ डॉलरच्या वर जातच नाही," असं आमच्या मित्राने सांगितलं आणि आम्ही फसलो. मित्र मूळचा भुसावळचा, गॅस प्लांटवर नोकरीला, बायकामुलांसकट कराथातच राहतो, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वरच्या, वायव्य किनाऱ्यावर. आम्ही दोघं पर्थमध्ये. तो खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. जुलै २०२२ पासून पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने पर्थच्या विमानभाड्याला एकेरी २९९ डॉलरची मर्यादा घातली आहे खरी, पण ती तिकडच्या रहिवाशांसाठी. पर्थचा पत्ता असलेल्याला जे दिसेल ते भाडं. दोन तासांच्या प्रवासाला आम्ही जे मोजलं, त्यात बालीला जाऊन आलो असतो.

बुधवारी पहाटेचं विमान घेतलं, ही दुसरी चूक. फिफोवाल्यांच्या, म्हणजे विमानाने कामावर येऊन विमानानेच घरी जाणाऱ्या खाणकामगारांच्या, पाळ्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत बदलतात. नारिंगी-पिवळ्या शर्टांनी विमान भरलेलं. हातात टोपी आणि कॅमेरा घेतलेले आम्ही दोघंच. शनिवारचं भाडं नंतर पाहिलं आणि बायकोला सांगितलं नाही.

कराथा हे १९६८ साली वसवलेलं गाव. डॅम्पियर बंदरात लोहखनिजवाल्यांना घरं बांधायला जागा उरेना म्हणून. मग ऐंशीच्या दशकात समुद्रातला गॅस आला आणि गाव फुगत गेलं. विमानतळ तिथल्या नगरपालिकेचा, नेटका, छोटा, तक्रार नाही. पण त्याची घडी पर्यटकासाठी बसवलेली नाही. इथे उतरणाऱ्याचं बिल कंपनी भरते, असं गृहीत धरूनच सगळे भाव लावलेले. बाहेर पांढऱ्या बसेस ओळीने उभ्या होत्या. गावात जाते का, म्हणून एका ड्रायव्हरला विचारलं तर त्याने माझ्या ट्रेकिंगच्या बुटांकडे पाहिलं आणि "कुठली साईट?" एवढंच म्हणाला. बस कंपन्यांच्या. टॅक्स्या पहिल्या पाच मिनिटांत गेलेल्या. गाव पंधराएक किलोमीटर, मध्ये उन्हाशिवाय काही नाही.

म्हणजे गाडी घ्यायचीच. आता नीट वाचा, कारण सगळा तोटा इथे झाला.

वेबसाइटवर दिसतो तो दिवसाचा दर. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: दिवसाला १०० किलोमीटर फुकट, पुढे किलोमीटरमागे पैसे. आम्हाला ३५ सेंट लागले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पिलबारात, म्हणजे कराथाच्या या सगळ्या खाणमुलखात, १०० किलोमीटर म्हणजे आपल्याकडे दूध आणायला जाण्याइतकं. मिलस्ट्रीम-चिचेस्टर राष्ट्रीय उद्यानाला जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास. चार दिवसांत आमचे ८४० झाले. ४०० वजा करा, ४४० गुणिले ३५ सेंट: १५४ डॉलर. वर विमानतळावरून गाडी घेतल्याचा अधिभार वेगळा. आणि करारातलं एक कलम काउंटरवरची मुलगी सही घेताना बोलली, आधी नाही: सूर्यास्त ते सूर्योदय गावाबाहेर जनावराला धडक बसली तर विमा नाही. एका संध्याकाळी बरप द्वीपकल्पावरून परतताना अंधार झाला. दिव्याच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध एक कांगारू बसलेलं, उठायचं नाव नाही. मी चाळीसच्या वेगाने गावापर्यंत आलो, मागे भलामोठा ट्रक.

खरा बेत करिजिनी राष्ट्रीय उद्यानातल्या घळींचा होता. मित्र म्हणाला, रेल्वेच्या कडेने टॉम प्राइसला, करिजिनीजवळच्या खाणगावाला, सरळ रस्ता आहे, खाणकंपनीचा परवाना लागतो, व्हिडिओ पाहिला की फुकट मिळतो. मिळाला. पण त्या रस्त्यावर कच्चा टप्पा आहे आणि भाड्याची गाडी कच्च्यावर न्यायला बंदी; गाडीत ट्रॅकर बसवलेला. डांबर संपलं तिथे उतरलो, तांबड्या धुळीत उभं राहून दोन-अडीच किलोमीटर लांबीची, ड्रायव्हर नसलेली खनिजाची रेल्वेगाडी जाताना पाहिली आणि मागे वळलो. डांबरी रस्त्याने जायचं तर पोर्ट हेडलंडवरून वळसा, पाचशे किलोमीटरच्या वर. ३५ सेंटने गुणून बघा.

तेव्हा स्पष्टच सांगतो. करिजिनी करायचं असेल तर कराथाला उतरू नका. पॅराबर्डूला उतरा, तिथून टॉम प्राइस ८० किलोमीटर, डांबरी. कराथाला फक्त मुरुजुगासाठी, म्हणजे त्या बरप द्वीपकल्पासाठी, या. तिथली कातळचित्रं अप्रतिम आहेत, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिथे नगाजार्लीला बांधलेली सपाट वाट आहे, कोणीही चालेल. आम्ही दोनदा गेलो. त्यात चुकण्यासारखं काही नाही म्हणून जास्त लिहीत नाही. एकच: चित्रातले कांगारू पाहून मान वर केली की पलीकडे गॅस प्लांटची धुराडी. वाटेवरून उतरू नका, स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवताच्या सुया मोज्यातून आत जातात. माझी एक अजून पायात असावी.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. ऑक्टोबर ते मार्च विचारही करू नका. याच किनाऱ्यावर ऑन्स्लोला १३ जानेवारी २०२२ रोजी ५०.७ अंश नोंदवलं गेलं. किल्ले चढलेत म्हणून ऊन सोसवेल, हा भ्रम मलाही होता. पाणी माणशी चार लिटर, माश्यांसाठी डोक्यावरची जाळी. जाळीला हसू नका.

परतीला दोन तास आधी पोचा. सुरक्षा तपासणीत पुढच्या प्रत्येकाचे बूट पोलादी टोकाचे. नाडी सोडा, बूट ट्रेमध्ये ठेवा, पलीकडे पुन्हा बांधा. माझ्या वाट्याला आलेल्या ट्रेच्या तळाशी तांबड्या मातीचा थर होता, दळलेल्या मिरचीसारखा. कॅमेरा तसाच ठेवला.

पर्थला बॅगची वाट पाहताना ईमेल आली: गाडीतली धूळ साफ करण्याचे ६० डॉलर. मी तो आकडा तसाच मित्राला पाठवला. त्याच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा दारात एक पांढरी यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) उभी होती, तिच्या मागे मी आमची भाड्याची गाडी लावली होती. मित्राचं उत्तर लगेच आलं, "अरे, ती यूट चार दिवस नुसतीच उभी होती. विचारलं असतंस तर दिली असती."