पीएलसी 'दिसत नाही' म्हणून टेंभुर्णीला गेलो, जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

आज पहाटे परत आलोय, झोप झालेली नाही, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. गाळप हंगामात साखर कारखान्यात पीएलसीच्या (मशीन चालवणारा पॅनलमधला छोटा कॉम्प्युटर) सर्व्हिसला जाणाऱ्यांसाठी आहे.

कारखान्यातून फोनवर मला सांगितलं, "पीएलसी गेलाय साहेब, सॉफ्टवेअरला दिसतच नाही, पॅनलवाला म्हणतो नवीन टाका. केबल आहे आमच्याकडे, तुम्ही नुसता लॅपटॉप घेऊन या." यातलं 'दिसत नाही' एवढंच खरं निघालं.

स्वारगेटहून सोलापूरची एसटी, टेंभुर्णीला उतरायचं, साधारण 165 किलोमीटर, हायवे मस्त. त्रास तिथून पुढे. रात्री साडेनऊला उतरलो, कारखान्याची गाडी आलीच नाही, शेवटी एका जीपवाल्याने बारा किलोमीटरचे 700 रुपये घेतले, सरळ लूट आहे. आणि तो रस्ता! उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, ना दिवा ना रिफ्लेक्टर, समोरच्याच्या लाइटने डोळे दिपले की पुढची ट्रॉली एकदम अंगावरच येते. दोनदा जीप कच्च्यात घालावी लागली. रात्री जाऊ नका म्हणजे नकाच. दुपारी पोचा, आणि गाडीच्या ड्रायव्हरशी स्वतः बोलल्याशिवाय पुण्यात बसमध्ये चढू नका.

आता पॅनल. सेंट्रिफ्युगलचं (गरगर फिरवून मळीतून साखर वेगळी करणारं मशीन), आत मित्सुबिशीचा एफएक्स3यू मॉडेलचा पीएलसी. रनचा दिवा हिरवा, एचएमआयवर (ऑपरेटरचा स्क्रीन) आकडे पळत होते, आणि एचएमआय लावलेला होता त्याच गोल आठ पिनांच्या प्रोग्रामिंग पोर्टला. म्हणजे पीएलसी जिवंत, पोर्टपण जिवंत, दोष केबल नाहीतर लॅपटॉपमध्ये. ज्याने नवीन पीएलसीचं कोटेशन दिलं त्याने हे बघितलंच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. बॅटरीचा लाल दिवा लागलेला होता आणि इलेक्ट्रिशियन दादा एमसीबीकडे हात नेत म्हणाले, एकदा ऑफ-ऑन करून बघू. मी ओरडलोच. एफएक्स3यूचा प्रोग्राम रॅममध्ये असतो, बॅटरीवर टिकतो. मेमरी कॅसेट (बॅटरीशिवाय प्रोग्राम जपणारं वेगळं कार्ड) नसेल, बॅटरी संपत आली असेल आणि सप्लाय तोडला तर प्रोग्राम जाऊ शकतो, आणि बॅकअप कारखान्यात कुणाकडेच नव्हता. लाल दिवा दिसला तर सप्लायला हात लावू नका, कुणालाही लावू देऊ नका.

मग शिफ्ट इनचार्जना सांगून मशीन थांबवलं, एचएमआयची केबल काढली आणि त्यांची यूएसबी केबल लावली. लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण, आणि पोर्टच्या नावाच्या जागी चक्क लिहिलेलं की पीएल2303एचएक्सए (केबलमधली यूएसबी चिप) 2012 पासून बंद आहे, विक्रेत्याला विचारा. नवीन ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिपला चालू देत नाही. 2008 चा 3.3.2.105 ड्रायव्हर लागतो, पण पॅनलरूममध्ये रेंज शून्य, तो उतरवायला वजनकाट्यापर्यंत चालत गेलो. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवा. माझ्या विंडोज 10 वर लिस्टमधून हाताने निवडून तो बसला.

लॅपटॉपमध्ये केबलचा पोर्ट आला कॉम14 वर आणि जीएक्स वर्क्स2 च्या (पीएलसीचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) ट्रान्सफर सेटअपमध्ये होता कॉम1. तो बदलला. तरीही नाही! तेव्हा मात्र रात्रीचे दोन वाजले होते आणि मलाच वाटायला लागलं की पीएलसी खरंच गेला की काय. टॉर्च मारून केबलचं टोक बघितलं तर एक पिन आडवी, कुणीतरी उलटी घुसवलेली. जोर लावूच नका, या पोर्टला 5 व्होल्ट असतात. पोती शिवायच्या सेक्शनमधून सुई आणून पिन सरळ केली, लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर ठेवला, कनेक्शन टेस्ट दाबली आणि लागलं! इतका आनंद झाला की बाहेर जाऊन सगळ्यांना चहा पाजला.

पण चहाच्या आधी प्रोग्राम रीड करून दोन ठिकाणी सेव्ह केला. मूळ काम, म्हणजे प्रोग्राममधला टायमर, नंतर बदलला, त्याला पाच मिनिटं लागली.

केबल स्वतःची न्या, एफटीडीआय चिपची, आयसोलेटेड (लॅपटॉप आणि पीएलसीचा विजेचा थेट संबंध तोडणारी) मिळाली तर तीच. समोरचा कितीही म्हणो की आमच्याकडे आहे. बॅटरीचं नाव एफएक्स3यू-32बीएल, तीपण बॅगेत टाका, मी नेली नव्हती म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच रस्त्याने जायचंय, यावेळी दिवसा.