दारातलं ठेंगणं स्प्रूस

यंदा एप्रिलच्या शेवटी मी माझ्या दारातल्या स्प्रूसची सगळ्यात जोमदार फांदी बुडापासून कापली. त्याआधी आठवडाभर रोज कात्री घेऊन बाहेर जायचे आणि तशीच परत यायचे.

झाड आहे ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस, सुयांसारख्या पानांचं, जात ‘कोनिका’. डिसेंबरमध्ये इथे कॅनडात, मिसिसागात किराणा दुकानांबाहेर चकचकीत कागदात गुंडाळलेली छोटी ख्रिसमसची झाडं मिळतात, त्यांत ही असतातच. माझं पहिलं तसंच घरात आलं. तीन आठवडे हीटर लावलेल्या दिवाणखान्यात ठेवलं आणि मग एकदम बाहेर, बर्फात. मार्चमध्ये नुसता हात लागला तरी सुया झडत होत्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसरं मे २०१९ मध्ये नर्सरीतून नीट पारखून आणलं. तेव्हा ते ४५ सेंटिमीटर होतं, आज ८० आहे. वर्षाला सहा सेंटिमीटरसुद्धा नाही!

रानातलं पांढरं स्प्रूस पंचवीस-तीस मीटर उंच जातं आणि हे त्याच घराण्यातलं. १९०४ साली हार्वर्डच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक अल्बर्टा प्रांतातल्या लॅगनला, म्हणजे आताच्या लेक लुईसला, आगगाडीची वाट बघत थांबले होते. तिथे त्यांना ही बुटकी, शंकूसारखी घट्ट रोपं दिसली. आज कुंड्यांतून दिसणारी कोनिका ही त्या रोपांच्याच काड्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली.

कुंडी मी मातीची घेतली नाही, गोठून तडकते. जाड प्लॅस्टिकची घेतली, बुडाला मोठी भोकं असलेली. पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि कोरडी पडली तर हे झाड मान टाकून सांगत नाही. महिन्याभराने थेट तपकिरी होतं, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून बोट मातीत खुपसून बघायची सवय लावून घेतली. नोव्हेंबरमध्ये माती गोठायच्या आधी एकदा भरपूर पाणी द्यायचंच.

२०२२ च्या हिवाळ्यात कुंडी दक्षिणेच्या विटांच्या भिंतीला लागून राहिली. फेब्रुवारीचं ऊन वरून आणि भिंतीवरूनही, सुयांमधलं पाणी उडत होतं आणि मुळं गोठलेल्या मातीत अडकलेली. एक बाजू पूर्ण भाजली. ती आजही तशीच उघडी आहे. आमच्या निफाडच्या मळ्यात द्राक्षाची काडी छाटली की डोळा फुटतो. स्प्रूसच्या सुया गेलेल्या जुन्या लाकडावर फुटायला डोळाच उरत नाही. आता हिवाळ्यात कुंडी पूर्वेच्या कोपऱ्यात हलवते.

मग कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड. झाड धुरकट, निस्तेज दिसायला लागलं तेव्हा निफाडला अप्पांना व्हिडिओवर दाखवलं. ते म्हणाले, “पांढरा कागद धर खाली आन्‌ फांदी झटक.” कागदावर मिरीपुडीसारखे ठिपके पडले, आणि चालायला लागले. द्राक्षावरचा लाल कोळी उन्हाळ्यातला, स्प्रूसवरचा मात्र थंड हवेत, वसंतात आणि शरदात वाढतो. औषध मारलं नाही. दर चार दिवसांनी पाइपाचा जोरदार फवारा, आतल्या बाजूने, महिनाभर. एवढ्यावर भागलं.

ती फांदी गेल्या जूनमध्ये दिसली. बाकीच्या सुया सेंटिमीटरभर, मऊ, पोपटी. हिच्या लांब, राठ, निळसर, दोन सुयांमध्ये अंतर. एका हंगामात वीतभर वाढली. मला इतका आनंद झाला! पाच वर्षं जीव लावल्यावर झाड शेवटी वाढायला लागलं, असं वाटलं.

यंदा एप्रिलमध्ये अप्पांना तिचा फोटो पाठवला. ते खरड छाटणी, म्हणजे द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी, उरकून बांधावर बसले होते. फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, “कलम हाये का?”

“नाही अप्पा, काडीपासून केलेलं.”

“मंग खुंट न्हाई. पण फूट खुंटावानीच दिसती. ठेवलीस तर वरचं सगळं खाईल ती.”

आमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, थॉमसन द्राक्षाचं कलम असतं आणि खालून फुटलेला खुंटाचा फुटवा दिसला की अप्पा उभ्या उभ्या काढतात. इथे खुंट नाही, पण कोनिकाच्या आत ते तीस मीटरचं झाड आहेच, आणि एखाद्या फांदीत ते परत येतं. तसंच सोडलं तर शंकू त्याच्या सावलीत संपतो.

“किती जोमात आहे हो,” मी म्हटलं.

“जोमात हाये म्हणूनच काढायची. शेंडा मोडून भागायचं न्हाई, जिथून निघाली तिथून काढ.”

फांद्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या. आत सगळं वाळकं, काळोखं आणि चिकाचा वास. फांदी खोडाला जिथे चिकटली होती तिथे कात्री लावली.

काल परत आत डोकावले. कापल्या जागी चिकाचा थेंब वाळून पांढरा, टणक झालाय. बाहेरच्या फांद्यांवर बारीक कळ्यांच्या तपकिरी टोप्या सुटायला लागल्यात, बोट लावलं की गळून पडतात आणि खालून ओला पोपटी कुंचला दिसतो. भाजलेल्या बाजूच्या कडेलाही तीन आहेत. फोटो अप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “पाणी दिलं का आज?”