बेल्टवर दुसरा पावसाळा, डिचोलीहून

मागच्या नोंदीला दहा महिने झाले. एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही बिघडलंच नाही. मग ऑगस्टात पंधरा दिवस सायकलला चेनऐवजी लावलेल्या बेल्टने डोकं खाल्लं. म्हणजे मला तसं वाटलं. चोर दुसराच निघाला.

नव्या मंडळींसाठी सायकलची ओळख करून देतो. स्टीलची फ्रेम, २९ इंची चाकं, एकच गिअर. मांद्रेला बरीच वर्षं राहिलेला एक परदेशी गृहस्थ गाशा गुंडाळून निघाला, त्याच्याकडून जुनी घेतली. उजव्या सीट स्टेला, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाच्या आसाकडे उतरणाऱ्या नळीला, जोड आहे. तो नसता तर बेल्ट बसलाच नसता. चेन तोडून जोडता येते, बेल्ट अखंड असतो, म्हणून फ्रेमच उघडावी लागते. गेट्स कंपनीचा कार्बन ड्राइव्ह नावाचा बेल्ट आहे. आत कार्बनचे तंतू, भोवती पॉलियुरेथेन, मधोमध एक खाच. स्प्रॉकेटवरची, म्हणजे दातेरी चाकावरची, कड त्या खाचेत बसते, त्यामुळे बेल्ट बाजूला सरकत नाही. पुढे ३९ दाते, मागे २४, बेल्ट ११३ दात्यांचा. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.७ मीटर पुढे जाते.

पावसाळ्याचं आधी सांगतो, कारण मला सगळे तेच विचारतात. मये, हातुर्ली, मुळगावकडचे लाल रस्ते जुलैत कसे होतात ते इकडच्यांना सांगायला नको. चेन होती तेव्हा घरी आलं की आधी चेन पुसायची, मग तेल, मग आंघोळ. एक दिवस कंटाळा केला की सकाळी चेन तांबूस. आता बागेची नळी धरतो, मऊ ब्रश फिरवतो, झालं. तेल नाही, ग्रीस नाही, आणि डिझेल तर अजिबात नाही. आमच्याकडे खाणीच्या ट्रकांमुळे कुठलीही लोखंडी वस्तू डिझेलने धुवायची सवय लागलेली आहे. बेल्टला ती चालत नाही. गिरणीवाल्या काकांनी तर एकदा दळण देता देता सायकलकडे बघून सल्ला दिला, "राळ लाव रे थोडी, पट्टा घसरायचा नाही." त्यांच्या चपट्या पट्ट्याला राळ ठीक आहे, तो घर्षणावर चालतो. आपला दात्यांवर चालतो. त्याला चिकट काही लावलं की लाल माती त्याच्यावर थापलीच म्हणून समजा.

चिकटपणाचा खरा अनुभव एप्रिलात आला. काजूच्या बागेतून जाणाऱ्या वाटेवर बोंडू पडलेले असतात. दहा-बारा चाकाखाली चिरडले, रस उडून बेल्टवर गेला, त्यावर धूळ. घरी येईपर्यंत मागच्या स्प्रॉकेटच्या खाचांत गुळाच्या पाकासारखं काहीतरी घट्ट झालं होतं आणि अख्ख्या सायकलला हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास. कोमट पाण्याने निघालं. उन्हाळ्यात कोरड्या धुळीने बेल्ट कुरकुरतो, तेव्हा बाटलीतलं घोटभर पाणी ओतलं तरी गप्प बसतो. फारच झालं तर धुऊन, वाळवून सिलिकॉन स्प्रेचा हलका हात. वर्षभरात दोनदाच लागला.

आता ताण. बेल्टमध्ये शिकण्यासारखं खरं हेच आहे. चेनचा ताण बोटाने दाबून कळतो, बेल्टचा कानाने मोजतात. मधल्या भागावर सतारीच्या तारेसारखी टिचकी मारायची, फोनमधलं ॲप कंपनं मोजून आकडा सांगतं. सिंगल-स्पीडला साधारण ४५ ते ६० हर्ट्झ धरतात, जोर लावून चढणाऱ्याने त्याच्याही वर जावं. मी ५५वर ठेवायचो. पावसात अंगणात मोजायला गेलात तर ॲप पत्र्यावरच्या पागोळ्यांचा ताण सांगतं. घरात घ्या, पंखा बंद करा. एकदा मोजून थांबू नका. पॅडल पाव फेरा फिरवा, परत मोजा, असं चार वेळा. माझ्याकडे एका जागी ५८ येतो आणि समोरच्या जागी ५१, कारण कुठलंच स्प्रॉकेट अगदी शंभर टक्के गोल बसलेलं नसतं.

भजनी मंडळात पेटी वाजवणारे आमचे मामा हा प्रकार बघत होते. मी ५५ म्हटल्यावर म्हणाले, "अरे, ही पांढरी सहा." म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी, मधल्या सप्तकात ४४० हर्ट्झ. हिशोब केला. ४४०चं निम्मं २२०, त्याचं ११०, त्याचं ५५. तीन सप्तकं खाली, पण सूर तोच. तेव्हापासून ते सायकल दिसली की "सूर लागलाय का?" विचारतात. मी एकदा फोन न घेता नुसत्या कानाने लावायला गेलो आणि ४१वर नेऊन ठेवला. मामांची गोष्ट वेगळी.

तर ऑगस्ट. केरीहून चोर्ल्याच्या घाटात उभं राहून चढत होतो. उजव्या पायाच्या प्रत्येक दाबाला कट्. तिसऱ्या वळणावर बेल्टने दाता सोडला. बंदुकीसारखा आवाज होतो आणि पाय रिकामा खाली जातो, गुडघा हँडलवर आपटला. ताण कमी झाला असणार म्हणून घरी येऊन मोजला, ५५. तरी ६२ केला. कट् चालूच. बेल्ट धुतला, सिलिकॉन मारलं, दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून पाहिलं, पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट आवळले. मग बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पॅडलांचा आस जिथे फिरतो त्या भागावर, संशय गेला. उघडलं तर बेअरिंग खरंच खरखरत होतं. तेही पाणी आणि ताणापायीच गेलेलं. गरजेपेक्षा जास्त ताण दिला की भार बेअरिंगांवर येतो, हे आधीच वाचलेलं होतं. नवं बसवलं. कट् आहे तिथेच.

शेवटी सीट स्टेच्या जोडावर बोट ठेवून दुसऱ्या हाताने पॅडल दाबलं तेव्हा बोटाखाली बारीकशी हालचाल लागली. बोल्ट काढला. दोन तोंडांच्या मध्ये लाल मातीची लापशी, आणि जिथे धातूवर धातू घासत होता तेवढीच जागा नव्या आठ आण्यासारखी चकचकीत. जोर दिला की जोड सुटायचा, मागचं चाक केसभर पुढे यायचं आणि नेमका तेव्हाच ताण पडायचा. उभ्या सायकलवर मोजताना ५५ का दाखवत होता ते तेव्हा कळलं. जोड पुसला, ग्रीसचा पातळ हात दिला, आवळला. शांतता. ताण परत ५५वर आणला.

त्यानंतर हा बोल्ट आणि ड्रॉपआउटचे, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो आणि मागेपुढे सरकवता येतो त्या खाचेचे, बोल्ट दर रविवारी पाना लावून बघतो. चेनच्या खडखडाटात असले आवाज बुडून जायचे. बेल्ट मुका असल्यामुळे फ्रेमची प्रत्येक कुरकुर त्याच्या नावावर जमा होते.

एक मूर्खपणा मात्र माझाच. वाटेत लागला तर म्हणून जादा बेल्ट सीटखालच्या पिशवीत कोंबला होता, चौघडी घालून आणि वर केबल टाय ओढून. कार्बनचे तंतू ताणाला दांडगे, पण तीव्र घडी पडली की आत तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पिळणं, उलटा वळवणं, स्क्रूड्रायव्हरने स्प्रॉकेटवर चढवणं, सगळं त्याच जातीचं. तो बेल्ट बसवला आणि चौथ्या दिवशी चोडणच्या बांधावर तुटला. भरतीची वेळ, एका बाजूला खाजन (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली शेतजमीन), दुसऱ्या बाजूला मांडवी, आणि मी रायबंदरच्या फेरीबोटीपर्यंत सायकल ढकलत. बाहेरून मागवलेल्या बेल्टची किंमत आणि वर कस्टम, हा हिशोब चालता चालता तीनदा केला. आता जादा बेल्ट घरी, ज्या सैल वेटोळ्यात आला तसाच खिळ्याला टांगलेला.

पहिला बेल्ट परत चढवलाय. ४,२०० किलोमीटर झाले, दाते शाबूत, कडेला तंतू सुटलेले नाहीत. पुढच्या स्प्रॉकेटचा काळा रंग उडालाय, पण दाते अजून टोकदार झालेले नाहीत. एका दगडाने मात्र पुढे टवका काढला. ३९ दात्यांचं हे स्प्रॉकेट चेनसाठीच्या ३२ दात्यांच्या पुढच्या चाकापेक्षा (चेनरिंगपेक्षा) व्यासाने सात मिलिमीटर मोठं आहे, उंच दगडावरून उतरताना ते लक्षात ठेवावं लागतं.

पुढचं काम मागे २२ लावून बघायचं. दोन दाते कमी झाले की चाक साडेपाच मिलिमीटर मागे न्यावं लागतं, आणि माझ्या ड्रॉपआउटला अजून जेमतेम सात उरलेत. म्हणजे बेल्ट तोच चालेल. स्प्रॉकेट चतुर्थीच्या आधीच येऊन पडलंय. दसऱ्यानंतर वाटा सुकल्या की लावीन आणि त्याच तिसऱ्या वळणावर जाऊन येईन.